शेरबाईंचें ‘बिलीव्ह’ आणि सूर सुधारणारें यंत्र

इ. स. १९९८ च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडांत एक नृत्यगीत प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘बिलीव्ह’. गाणाऱ्या बाई अमेरिकन, वय ५२ वर्षांचें, नांव शेर. (या नांवाचा उर्दू शेराशीं किंवा वनराजाशीं कांहीं एक संबंध नाहीं, बाईंच्या पाळण्यांतील नांवाचें तें संक्षिप्त रूप आहे.) गाणें सुरू होतें तें त्या प्रकारच्या इतर गाण्यांसारखेंच. ढोलाचा एकसारखा ठेका, त्यावर विजेच्या वाद्यांचा साज, आणि मग बाईंचा भरदार, खालच्या पट्टींतला आवाज. परंतु पहिल्याच कडव्यांत मध्येंच हा आवाज मोडतो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो घसरत जात नाहीं; जिन्याच्या पायऱ्यांवरून गोटी पडावी तसा टपटप पडतो. क्षणभर गाणारी बाई माणूस न राहतां कळसूत्री बाहुली होते आणि पुढच्याच शब्दाला पुन्हां माणूस होते. प्रथम ऐकणारास आपला रेडिओ बिघडला कीं काय अशी शंका येते. दुसऱ्यांदा ऐकतांना तो त्याच जागेची वाट पाहूं लागतो.

हा मोड कोणाचा, बाईंच्या गळ्याचा कीं यंत्राचा. आणि यंत्राचा असेल तर त्या गाण्यास बाईंचें गाणें म्हणावें कीं नाहीं, हा वाद तेव्हांपासून आजतागायत चालू आहे. वाद घालणारे बहुतेक लोक तें यंत्र काय करतें हें जाणून न घेतांच तो घालतात. म्हणून प्रथम हकीकत आणि मग निवाडा, हाच क्रम बरा.

शेरबाईंचें नांव त्या वेळीं नवें नव्हतें. किंबहुना तें जुनें झालें होतें हीच अडचण होती. १९४६ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांचा जन्म झाला. १९६५ मध्यें सनी बोनो यांच्या जोडीनें गाइलेल्या एका युगुलगीतानें अमेरिकेंत पहिलें स्थान मिळविलें. १९७० नंतरच्या चार-पांच वर्षांत त्यांचीं एकटीचीं तीन गाणीं तेथील लोकप्रियतेच्या कोष्टकांत अग्रस्थानीं गेलीं. त्यांतलें शेवटचें १९७४ चें. पुढें त्या चित्रपटांकडे वळल्या आणि ‘मूनस्ट्रक’ मधील भूमिकेबद्दल १९८८ मध्यें त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९९८ च्या जानेवारींत सनी बोनो बर्फावर घसरण्याच्या खेळांत अपघातानें मरण पावले. या दोघांचा घटस्फोट होऊन तेव्हां बरींच वर्षें लोटलीं होतीं, तरी अंत्यविधीच्या वेळीं शेरबाईंनींच भाषण केलें. नृत्यगीतांच्या बाजारांत पंचविशी उलटली कीं गायिका प्रौढ समजली जाते. पन्नाशी म्हणजे तर वानप्रस्थाश्रमच. तेथें या बाईंचें पुन्हां कांहीं व्हावयाचें आहे असें कोणास वाटत असेल तर तें थोड्यांनाच.

त्या थोड्यांपैकीं एक म्हणजे वॉर्नर या ध्वनिमुद्रण कंपनीच्या इंग्लंडांतील शाखेचे प्रमुख रॉब डिकिन्स. नृत्यगीतांचा एक संग्रह करावा असा सल्ला त्यांनीं बाईंना दिला. ‘बिलीव्ह’चा पहिला खर्डा त्यांच्याकडे आला होता. पालुपद उत्तम, पण कडवीं अगदींच सुमार, असें त्यांचें मत पडलें. मग ब्रायन रॉलिंग व मार्क टेलर या निर्मात्यांच्या मंडळींनीं तीं कडवीं नव्यानें रचलीं. गाण्यावर एकंदर सहा रचनाकारांचीं नांवें छापलेलीं आहेत. आपल्याकडे एका पदास एक कवि पुरतो. तिकडे हा व्यवसाय कारखान्याच्या धर्तीवर चालतो, आणि कोणी चाकें बसवावीं, कोणी रंग द्यावा, असा तो प्रकार आहे.

पण या सहांत सातवा हात बाईंचा स्वतःचा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. गाण्याचा विषय साधा: पुरुष सोडून गेला, स्त्री मागें राहिली, आतां पुढील आयुष्य कसें काढावें. पहिल्या कडव्यांत ती दुःखांत आहे हें ठीक. परंतु दुसऱ्यांतही ती तशीच कण्हत राहते, हें शेरबाईंना रुचेना. एक संबंध गाणेंभर रडणारी बाई आपण गाणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें, आणि स्नानाच्या टबांत पडल्या पडल्या त्यांना त्या जागीं दुसरे शब्द सुचले. त्या शब्दांत ती स्त्री स्वतःची किंमत ओळखते आणि उभी राहते. गाण्याची सारी कलाटणी येथें आहे. तथापि रचनाकारांच्या यादींत बाईंचें नांव नाहीं. यादींत नसणारीं माणसें पुष्कळदां घर सांवरून धरतात, त्यांतलाच हा प्रकार.

ठेक्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. मिनिटास सुमारें १३३ ठोके, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा सारखाच आघात. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास चालते. हा वेग तिच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे नाचणाऱ्याच्या छातींतला. अशा ठेक्यावर विरहाचे शब्द घालावयाचे ही युक्ति त्या संगीतांत १९७० नंतरच्या डिस्को गाण्यांपासून रूढ आहे. मन रडत असतें आणि पाय नाचत असतात. आपल्या लावणीच्या जाणकारांस हें नवल वाटूं नये.

आतां त्या मोडाकडे वळूं. १९९८ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या पश्चिम भागांतील एका ध्वनिमुद्रणगृहांत हें काम चाललें होतें. दूरचित्रवाणीवर एका गायकाचा यंत्रांतून काढलेला चमत्कारिक आवाज बाईंच्या कानीं पडला होता, आणि तसें कांहीं आपल्या गाण्यांत साधेल काय, अशी त्यांनीं विचारणा केली. बाईंचें गाणें मुद्रित होऊन गेल्यावर टेलर तें संगणकावर घेऊन बसला, आणि खेळतां खेळतां सूर सुधारण्याच्या एका नव्या साधनाची कळ त्यानें अगदीं टोकाला नेली. त्यानें जें ऐकलें तें त्यालाही विलक्षण वाटलें. एवढ्या नामांकित गायिकेच्या आवाजाची ही मोडतोड तिला दाखवावी कीं नाहीं, याची त्याला धास्ती होती. शेवटीं दाखविली, बाई निहायत खूष झाल्या.

हें साधन म्हणजे ‘ऑटो-ट्यून’. त्याचा जन्म मोठ्या मौजेचा आहे. अँडी हिल्डेब्रँड नांवाचा एक अमेरिकन गणिती तेलाच्या शोधाच्या धंद्यांत होता. जमिनींत सुरुंग उडवावयाचा, त्याचे हादरे खोल खडकांवर आदळून परत येतात ते टिपावयाचे, आणि त्या गोंधळांतून गणिताच्या बळावर खालीं काय दडलें आहे तें ताडावयाचें, हें त्याचें काम. लहानपणापासून तो बांसरीही वाजवीत असे. तेलाच्या धंद्यांतून निघाल्यावर तो संगीताच्या अभ्यासाकडे वळला. एकदां भोजनाच्या वेळीं कोणा स्नेह्याच्या पत्नीनें थट्टेनें म्हटलें कीं, मला सुरांत गावयास लावील असें एखादें यंत्र करा. थट्टा थट्टेवारी गेली. परंतु कांहीं महिन्यांनीं ती त्याला आठवली, आणि १९९७ मध्यें ऑटो-ट्यून बाजारांत आलें.

त्यांतील मूळ तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. गाणाऱ्याचा आवाज ही एक लहर आहे आणि ती त्याच त्याच आकारानें पुनः पुनः येत असते. जरीच्या कांठाची नक्षी पुन्हां कोठें सुरू होते तें पाहावयाचें असेल, तर कांठाचा एक तुकडा त्याच कांठावर ठेवून हळूहळू पुढें सरकवावा. जेथें वेल वेलीशीं आणि कोयरी कोयरीशीं जुळेल तेथें नक्षीचा एक फेरा पुरा झाला. यंत्र आवाजाच्या लहरीस हेंच करतें. एका फेऱ्यास लागणारा वेळ कळला कीं सेकंदांत किती कंपनें होतात तें कळलें, म्हणजेच सूर कळला. भूगर्भांतील हादरे उलगडण्याच्या कामीं हें गणित उपयोगी पडे; हिल्डेब्रँडनें तें इतकें सोपें करून आणलें कीं गाणारा गात असतांच संगणकानें तें सोडवावें.

सूर ओळखल्यानंतर दुरुस्ती. पाश्चात्य पद्धतींत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात, आणि एका पट्टीपासून पुढची पट्टी कंपनांच्या हिशेबानें सुमारें ६ टक्क्यांनीं उंच असते. समजा, एका पट्टीचा सूर सेकंदास ४४० कंपनांचा आहे. तिच्या पुढची पट्टी ४६६ ची. गायिकेचा सूर ४४८ वर लागला, तर यंत्र तो ओढून ४४० वर बसवितें. ४५६ वर लागला, तर तो पुढच्या पट्टीस अधिक जवळ म्हणून ४६६ वर नेतें. मधल्या जागेंत राहण्याची परवानगी कोणासच नाहीं. आतां ही ओढाताण किती वेळांत करावयाची, हें ठरविणारी एक कळ त्या साधनास आहे. ती सावकाशीवर ठेवली तर सूर हलकेच जागेवर येतो आणि ऐकणारास कांहीं एक कळत नाहीं. यंत्राचा खरा हेतु हाच होता. कळ शून्यावर नेली तर आवाज वेळ न घेतां उडी मारतो; एका सुराकडून दुसऱ्याकडे जातांना गळा जो प्रवास करतो तो सगळा पुसला जातो, फक्त मुक्काम उरतात. टेलरनें कळ शून्यावर नेली होती.

हा प्रवास पुसला जाणें म्हणजे काय, हें मराठी श्रोत्यांस निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. मींड, घसीट, दरबारी कानड्यांतील गांधाराचें आंदोलन, हें सारें त्या मधल्या जागेंतच नांदतें. पेटीला हें साधत नाहीं, कारण तिच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मध्यें लांकूड आहे, सूर नाहीं. याच कारणास्तव अखिल भारतीय रेडिओनें १९४० मध्यें पेटीस आपल्या केंद्रांवर बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तत्पूर्वीं त्याच संस्थेंतील पाश्चात्य संगीताचे जाणकार जॉन फोल्ड्स यांनीं पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला होता, म्हणजे हिंदी सुरांची कड एका इंग्रजानें घ्यावी असा योग होता. आपल्या रंगभूमीनें या बंदीची फारशी पर्वा केली नाहीं, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हातीं तीच पेटी गातही असे, हा भाग वेगळा. तर शून्यावर नेलेलें ऑटो-ट्यून म्हणजे गळ्यांत बसविलेली पेटीच होय. ज्या दोषासाठीं आपण एका वाद्यास ३१ वर्षें उंबऱ्याबाहेर ठेविलें, तो दोष येथें एका जिवंत स्वरास मुद्दाम चिकटविला आहे.

मुद्दाम, हा शब्द येथें मुख्य आहे. हा मोड सबंध गाण्यावर नाहीं. तो पहिल्या कडव्यांत येतो, जेथें ती स्त्री दुःखानें गोठलेली आहे. पालुपदांत, जेथें ती बळ एकवटते, तेथें बाईंचा स्वतःचा रुंद आवाज मोकळा सोडलेला आहे. ज्याला बोलतांना हुंदका आवरावयाचा असतो तो स्वर एकाच पातळीवर धरून ठेवतो, चढ-उतार होऊं देत नाहीं. चढ-उतार झाला कीं रडूं फुटणार, हें त्याला ठाऊक असतें. यंत्रानें नेमकें तेंच केलें आहे. हें सगळें टेलरनें योजून केलें कीं कान सांगेल तसें केलें, याचा शोध घेत बसण्यांत अर्थ नाहीं. चांगल्या गवयालाही आपली जागा आधीं सुचते आणि तिचें कारण मागाहून.

यानंतरची गोष्ट मात्र थोडी गंमतीची आहे. हा आवाज कसा काढला, असें जो तो विचारूं लागला. निर्मात्यांनीं खरें सांगितलें नाहीं. १९९९ च्या फेब्रुवारींत एका इंग्रजी ध्वनितांत्रिक मासिकांत त्यांनीं सांगितलें कीं, हा ‘व्होकोडर’ नामक जुन्या यंत्राचा परिणाम आहे. धंद्यांतील गुपित राखावें हा उद्देश. व्होकोडर हें बेल प्रयोगशाळेंत १९३० नंतरच्या दशकांत होमर डडली यांनीं शोधिलेलें यंत्र. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या तत्त्वावर दूरध्वनीवरील गुप्त संभाषणें शत्रूस न कळतील अशीं पाठविलीं जात. युद्धांत गुपित राखण्यास उपयोगी पडलेलें यंत्र पुन्हां एकदां गुपिताच्या कामीं आलें, पण या खेपेस नुसत्या नांवानेंच. कालांतरानें सत्य बाहेर पडलें, आणि तोंवर त्या परिणामास ‘शेर इफेक्ट’ हें नांव पडून गेलें होतें.

कंपनीच्या मंडळींस तो मोड आवडला नव्हता. बाईंचा आवाज ओळखूं येणार नाहीं, तो काढून टाका, असा त्यांचा आग्रह होता. तो काढावयाचा तर आपल्या प्रेतावरून, असें बाईंनीं ठणकावून सांगितल्याचें टेलरनें नमूद केलें आहे. बाईंचा आवाज त्या तुटक जागीं सुद्धां ओळखूं येतो, हें कोणाही श्रोत्यानें पडताळून पाहावें. अक्षरांचा उच्चार, श्वासाची फेक, जाड स्वराचा पोत, यांपैकीं कशालाही यंत्र हात लावीत नाहीं. तें फक्त उंची बदलतें. उंची म्हणजे सगळा आवाज नव्हे.

परिणाम काय झाला तो जगजाहीर आहे. इंग्लंडच्या कोष्टकांत हें गाणें सलग सात आठवडे पहिल्या स्थानीं राहिलें आणि १९९८ सालीं तेथें सर्वांत अधिक खपलेलें एकेरी गाणें ठरलें. १९९९ च्या मार्चमध्यें तें अमेरिकेंत पहिल्या स्थानीं गेलें व चार आठवडे टिकलें. त्यापूर्वींचें बाईंचें तेथील पहिलें स्थान २५ वर्षांमागचें होतें. इतक्या वयाची स्त्री तेथपर्यंत तोंवर कधींच पोंचली नव्हती. २००० च्या आरंभीं उत्तम नृत्यगीत म्हणून त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. चाळिशीकडे झुकलेल्या कारकीर्दींतलें बाईंचें हें पहिलें ग्रॅमी.

टीकाकार म्हणतात, येथूनच गाण्याचा ऱ्हास सुरू झाला. अशा तक्रारी नव्या नाहींत. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोननें गायकास हलक्या आवाजांत, कानाशीं कुजबुजल्यासारखें गातां येऊं लागलें, तेव्हां तीही फसवणूकच ठरली होती. १९३२ मध्यें बोस्टनच्या एका कार्डिनल धर्मगुरूंनीं त्या गायनपद्धतीवर जाहीर आग पाखडली. आज मायक्रोफोनवांचून गाणें कोणास सुचत नाहीं. तरी टीकाकारांचें सर्वच म्हणणें झटकून टाकण्यासारखें नाहीं. त्यांचा बाण फक्त चुकीच्या जागीं लागला आहे. शाळेंत एक मुलगा चुकलेल्या शब्दावर सरळ काट मारतो आणि दुसरा तो रबरानें खोडून असा साफ करतो कीं चूक झालीच नव्हती असें वाटावें. वहीकडे पाहून मुलाला काय येतें हें पहिल्याच्या बाबतींत कळतें. ‘बिलीव्ह’ मध्यें यंत्राची खूण डोळ्यांत भरेल अशी उघडी आहे. ऐकणारास कोणीं फसविलें नाहीं. फसवणूक झाली असेल तर ती सावकाशीवर ठेवलेल्या कळीनें झाली, आणि ती ज्या असंख्य गाण्यांत झाली त्यांचीं नांवें कोणीच घेत नाहीं. पाश्चात्य देशांप्रमाणें आपल्या चित्रपटगीतांतही हें साधन सर्रास वापरलें जातें. तेथें कोणता सूर गायिकेनें लावला आणि कोणता संगणकानें, हें तालमींत बसलेल्या माणसावांचून कोणास सांगतां येणार नाहीं. नवें मूल गाणें शिकतांना अशा गाण्यांबरोबर आपला गळा ताडून पाहतें, आणि आपण बेसूर आहोंत असें ठरवून गप्प बसतें, हें नुकसान खरें गंभीर आहे. कारण तें ज्याच्याशीं स्वतःला ताडून पाहत आहे तो गळाच नव्हे.

उघड्या खुणेचा मार्ग मात्र पुढें पुष्कळांनीं चोखाळला. २००५ पासून टी-पेन या अमेरिकन गायकानें तो आपला ट्रेडमार्क करून टाकला, २००८ मध्यें कान्ये वेस्ट यानें एक अख्खा शोकसंग्रह त्या आवाजांत गाइला, आणि २००९ मध्यें जे-झी यानें त्याच्या मृत्यूची घोषणा करणारें गाणें काढलें. त्या घोषणेनें कांहीं झालें नाहीं. सर्वांत विचार करण्यासारखा उपयोग अल्जीरिया व मोरोक्को येथील लोकगायकांनीं केला. त्यांच्या गायकींत आपल्यासारख्याच लांब लांब मुरक्या असतात. त्या मुरक्या यंत्रांतून गेल्या कीं प्रत्येक वळण बारीक पायऱ्यांत फुटतें आणि आवाज धातूच्या झालरीसारखा चमकतो. म्हणजे ज्या प्रवासास यंत्र पुसून टाकतें, त्याचीच एक नवी नक्षी त्यांनीं करून घेतली.

हिल्डेब्रँड यांस २०२३ मध्यें तांत्रिक कार्याबद्दल ग्रॅमी पुरस्कार देण्यांत आला. कळीवर शून्याची खूण त्यांनींच ठेविली होती, पण शहाणा मनुष्य ती तेथवर नेईल असें तेव्हां त्यांना वाटलें नव्हतें.